निमोण्याच्या मैदानावरची दोन मिनिटं

भाग्यश्रीची अट साधी होती. एक सामना ती स्वतःच्या डोळ्यांनी बघणार, आणि बघून झाल्यावर ती जे म्हणेल ते सम्राटने ऐकायचं. ती ‘पुरे’ म्हणाली की शिट्टी कायमची बंद. पुन्हा तो विषय घरात काढायचा नाही.

“बरं,” सम्राट म्हणाला होता.

त्याचं घरातलं बोलणं एवढंच. आमटीत मीठ पडलेलं नसलं तरी हा माणूस गुपचूप जेवून उठतो, आणि हाच माणूस सुट्टीच्या दिवशी बावीस दांडग्या पोरांना धाकात ठेवायला जातो, हे लग्नाला दहाएक वर्षं होऊनही तिला खरं वाटत नव्हतं. त्याचे काळे कपडे ती धुवायची, वाळत घालायची, पण त्या कपड्यांत त्याला मैदानावर तिने कधी पाहिलं नव्हतं.

अटीचं कारण सम्राटच्या डाव्या भुवईवर होतं. दिवाळीनंतर एका गावच्या स्पर्धेत त्याने शेवटी शेवटी यजमानांविरुद्ध पेनल्टी दिली आणि गर्दीतून दगड आला. भाग्यश्री दौंडला एका खासगी दवाखान्यात नर्स. त्या संध्याकाळी ड्युटीवर तीच होती. सगळ्या तोंडावर रुमाल दाबून आत आलेला पेशंट आपलाच नवरा आहे, हे तिला रुमाल काढल्यावर कळलं. टाके घालताना तिचा हात हलला नाही, पण डॉक्टर सहज म्हणाले, “बोटभर खाली लागला असता तर डोळा गेला असता.” ते वाक्य ती घरी घेऊन आली, आणि ते काही केल्या घरातून जाईना.

तसा सम्राट काही फार मोठा पंच नव्हता. दौंडला रेल्वेलाइनच्या कडेच्या वस्तीत वाढलेला, गँगमनचा मुलगा. रेल्वेच्या मैदानावर अनवाणी फुटबॉल खेळला, पुढे गुडघा गेला. गुडघा गेला तरी मैदान सुटेना, म्हणून पुण्याला जाऊन पंचाची परीक्षा दिली. नोकरी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत, ऑपरेटरची. तिथे तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून बसायचं. काटा भलतीकडे सरकायच्या आत हात व्हॉल्व्हच्या कॉकवर गेला पाहिजे, हा त्याचा धंदा. शिफ्ट बदलून, जागरण करून, स्वतःचं पेट्रोल जाळून तो गावोगावच्या स्पर्धांना जायचा. आणि गावोगावचे लोक त्याला शिव्या द्यायचे. भाग्यश्रीला यात काय सुख आहे ते कळत नसे.

त्या रविवारी मुलीला आईकडे सोडून ती त्याच्या मागे मोटारसायकलवर बसली. चौफुल्याला उजवीकडे वळून, पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडून, न्हावऱ्याच्या पुढे निमोण्यात पोचेपर्यंत दोघं फारसं बोलले नाहीत.

“कोणकोण खेळतंय?” तिने एकदा विचारलं.

“निमोणे आन् कुरकुंभची कामगार टीम. फायनल हाय.”

“म्हंजी गर्दी असंल.”

“असंल,” तो म्हणाला, आणि गाडीचा वेग उगीच थोडा कमी केला.

मैदान शाळेमागे होतं. गावातल्या हौसराव आबांनी रस्त्याकडेचा आपला तुकडा पोरांना खेळायला सोडलेला. आबा दर सामन्याला गोलपोस्टमागे लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचे म्हणे. आज खुर्ची होती, आबा नव्हते. ते शिरूरला दवाखान्यात होते. त्यांचा नातू सत्यजीत निमोण्याचा कॅप्टन आणि गोलकीपर. रात्रभर आजोबांच्या उशाशी बसून तो सकाळी थेट मैदानावर आला होता, कारण आबांनीच त्याला हाकललं होतं. “हितं बसून मला काय खेळवतोस? जा, मॅच सोडायची न्हाई,” असं म्हणाले होते.

सम्राटने गाडी लावली आणि भाग्यश्रीच्या डोळ्यांदेखत तो दुसराच माणूस झाला.

आधी तो मैदानभर चालला. फक्कीच्या रेघा एके ठिकाणी वाकड्या गेल्या होत्या, त्या पुन्हा मारून घेतल्या. गोलच्या जाळीला भोकं होती. खिशातून सुतळी काढून त्याने स्वतः गाठी मारल्या. “चेंडू भोकातून भायेर गेला, तर गोल झाला का बाजूनं गेला, कोण सांगणार?” त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःशीच बोलला होता. मग खेळाडू. एकेकाचे हात बघितले, नखं बघितली, बुटांचे तळवे बघितले. कुणाच्या मनगटात कडं, कुणाच्या गळ्यात ताईत. कडी काढायला लावली. जो दोरा किंवा ताईत काढवत नव्हता त्याच्यावर खिशातून पांढरी चिकटपट्टी काढून गुंडाळली. घरातली ड्रेसिंगच्या पट्टीची रिळं कुठे जातात, हे भाग्यश्रीला त्या दिवशी कळलं.

कामगार टीममधला लखन नावाचा पोरगा अनवाणीच आला होता. झारखंडचा, कुरकुंभला येऊन जेमतेम महिना झालेला.

“जूता कहाँ है?”

“बिना जूता के अच्छा खेलता हूँ, सर.”

“खेलता होगा. पर सामने वाले के जूते में खिळे हैं,” सम्राट म्हणाला. त्याच्या हिंदीत मराठी अशी मधूनच घुसायची. “पाय तुटला तर ठेकेदार देगा क्या? जा, किसी का ले के आ.”

लखन कुणाचे तरी मोठे बूट घेऊन आला आणि पुढच्या टोकात चिंध्या कोंबून उभा राहिला.

बाजूच्या रेषांवर झेंडे घेऊन पळायला शिकलेले पंच नव्हतेच. दोन्ही टीमचा एकेक जादा खेळाडू घेतला. त्यांना सम्राटने बजावलं, “चेंडू भायेर गेला की झेंडा. बाकी ऑफसाइड, फाउल, कायबी दाखवायचं न्हाई. ते मी बघतो.” म्हणजे सगळं मैदान बघायचे डोळे दोनच. आणि त्यातला एक परवा जाता जाता राहिलेला. भाग्यश्रीने पदर घट्ट धरला.

सगळ्यात शेवटी तो माईककडे गेला.

या भागात मैदान चालतं ते माईकवर. बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, कबड्डीत, लग्नात, यात्रेत, निवेदक बोलेल तसं लोक उठतात, बसतात, टाळ्या वाजवतात. निमोण्याचा निवेदक इंद्रजीत म्हणजे घाटातला नावाजलेला आवाज. त्याच्या एका आरोळीवर शंभर माणसं बाजूला होतात असं लोक सांगत.

“इंद्रजीतराव, एक विनंती हाय,” सम्राट म्हणाला. “चेंडू खेळात असला की माईक बंद. सत्कार, सूचना, कुणी पाव्हणं आलं, काय असंल ते हाफ टाइमला.”

“पंच, लोक झोपतील ओ! आमच्या घाटात मी बोलतो म्हणून बैल पळतात.”

“बैलांशी तुम्ही बोला. पोरांशी मला बोलू द्या.”

आजूबाजूचे हसले. इंद्रजीतनेही हसून मान डोलावली. “ठरलं. शब्द दिला.”

भाग्यश्री शाळेच्या पायऱ्यांवर बायकांत बसली. शेजारी सोजरबाई नावाची साठीची बाई, तोंडात मिश्री, जिभेला हाड नाही.

“कुठली गं तू?”

“दौंडची. मॅच बघायला आले.”

“बघ बघ. आमची लाल कपड्यातली. त्यो काळ्या कपड्यातला कोण म्हणायचा?”

“पंच.”

“काय करतो त्यो?”

“शिट्टी वाजवतो.”

“एवढंच?” सोजरबाईंनी गालावर बोट ठेवलं. “आन् त्याला कपडे शिवलेत?”

भाग्यश्रीने आपण कोण ते सांगितलं नाही.

सामना सुरू झाला. चेंडूकडे बघायचं सोडून ती नवऱ्याकडेच बघत होती. घरात पाय ओढत चालणारा हा माणूस इथे तिरका पळत होता, उलटा पळत होता, चेंडू जिथे पडणार तिथे आधीच पोचत होता. एकदा कामगार टीमच्या दोघांनी निमोण्याच्या एकाला मधे दाबलं. सम्राटने हात पुढे करून ‘चालू द्या’ अशी खूण केली, शिट्टी वाजवलीच नाही. गर्दी खवळली. पण चेंडू निमोण्याच्याच पोराकडे निसटला होता, आणि त्याच धावेत त्याने गोल केला. शिव्या अर्ध्यावर टाळ्या झाल्या. शिट्टी न वाजवणं हेही काम असतं, हे भाग्यश्रीला तेव्हा समजलं.

आणि शिट्टी तरी किती तऱ्हेची! चेंडू बाहेर गेला की चिमणीएवढी. धक्का दिला की आखूड आणि टोकदार. आडदांडपणा केला की अशी लांब की मैदानाच्या त्या टोकाच्या पोराचेही पाय थांबत. गर्दीत कुणीतरी टारगट आपलीच शिट्टी वाजवत होता. खेळाडू एकदा फसले, दुसऱ्यांदा फसले नाहीत, कारण तोवर त्यांना सम्राटच्या शिट्टीची ओळख पटली होती. जसा गाईला वासराचा आवाज कळतो.

“उलटा कसा पळतोय मेला, पडंल की,” सोजरबाई म्हणाल्या.

“न्हाई पडायचे,” भाग्यश्रीच्या तोंडून निघून गेलं.

दुसऱ्या डावात तिला ज्याची भीती होती तेच झालं. निमोण्याच्या बचावातल्या पोराने गोलसमोर लखनला मागून पाडलं. लांब शिट्टी. सम्राटचा हात पांढऱ्या ठिपक्याकडे.

पेनल्टी. यजमानांविरुद्ध.

“मुडदा बशिवला त्याचा!” सोजरबाई उठून उभ्या राहिल्या. रेषेवरची पोरं आरडाओरडा करत एक पाऊल आत आली. लाल कपड्यातले सहा-सातजण सम्राटकडे धावले. भाग्यश्रीला वाटलं, आता. हात कुठे, रुमाल कुठे, पाणी कुठे, सगळं तिच्या डोक्यात एका क्षणात मांडून झालं.

सम्राट कुणाशीच बोलला नाही. मागे सरला नाही की पुढेही आला नाही. वळून त्या पांढऱ्या ठिपक्यापाशी जाऊन उभा राहिला, पोरांकडे शांतपणे बघत. भांडायला समोर माणूसच नसला की भांडण कुणाशी करायचं? पोरं हातवारे करत गोल फिरली आणि हळूहळू पांगली. फक्त सत्यजीत जवळ आला.

“सर, लागला का वो पाय?”

“लागला, सत्यजीत. तू बघितलास.”

सत्यजीतने ठिपक्याकडे एकदा पाहिलं. मग गोलमध्ये जाऊन हातमोजे थोपटून उभा राहिला. गोल झाला. एकास एक.

त्यानंतरचा खेळ काय सांगावा! धूळ अशी उडत होती की मधली पोरं दिसेनाशी व्हायची. सम्राटचा काळा सदरा मातीने तांबूस झाला होता. सामना संपायला थोडा वेळ उरला होता. चेंडू मध्यरेषेजवळ लखनच्या पायात होता. तेवढ्यात माईक खरखरला.

“थांबा... एक मिनिट...” इंद्रजीतचा आवाज ओळखू येत नव्हता. घाट हलवणारा तो आवाज फाटला होता. “आत्ताच शिरूरवरनं फोन आलाय. आपले हौसराव आबा... आबा गेले. सर्वांनी जागेवर उभं राहून दोन मिनिटं श्रद्धांजली वाहावी.”

आणि सगळं मैदान थांबलं.

भाग्यश्रीने तसलं दृश्य आयुष्यात पाहिलं नव्हतं. कुणी ठरवलेलं नव्हतं, कुणी सांगायची गरज पडली नाही. शेकडो माणसं एका श्वासात उभी राहिली. टोप्या उतरल्या. पायऱ्यांवरच्या बायका पदर सावरून उठल्या. मैदानातली लाल पोरं पळता पळता जिथल्या तिथे उभी राहिली आणि त्यांनी मान खाली घातली. सत्यजीत गोलमध्ये उभा होता तो गुडघ्यांवर बसला. आपला आजोबा गेल्याचं त्याला माईकवरून कळलं होतं. कामगार टीममधले जुने लोक, ज्यांना मराठी कळत होतं, तेही थांबले. उडालेली धूळ तेवढी सावकाश खाली येत होती.

आणि त्या सगळ्या थांबलेल्या जगात एकच माणूस पळत होता. लखन.

त्याला मराठी येत नव्हतं. माईकवरचं सकाळपासूनचं एकही अक्षर त्याला कळलेलं नव्हतं. त्याला एवढंच दिसलं की चेंडू पायात आहे आणि समोर वाट मोकळी झाली आहे. इतकी मोकळी वाट कुठल्या खेळणाऱ्याला मिळते? पंचाची शिट्टी वाजलेली नव्हती. त्या मोठ्या बुटांत फटफट आवाज करत तो उभ्या पुतळ्यांमधून गेला आणि गुडघ्यांवर बसलेल्या सत्यजीतच्या बाजूने त्याने चेंडू जाळीत मारला. मग दोन्ही हात पसरून, आनंदाने ओरडत वळला.

त्याचा आवाज त्या शांततेत एकटाच घुमला. कुणीच धावत त्याच्याकडे येत नव्हतं. त्याचे हात हवेतच राहिले.

आधी काही क्षण कुणाला काही समजलं नाही. मग रेषेवरून एक आवाज आला, दबलेला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. “मयताची थट्टा करतो व्हय रं?” पाचसहा तरुण रेषा ओलांडून आत आले. एकाच्या हातात झेंड्याची काठी होती. मागून आणखी. सम्राटही धावत निघाला होता, आणि तो त्या पोरांपासून लांब नव्हे, सरळ लखनकडे धावत होता. म्हणजे ते सगळे जिथे पोचणार होते तिथेच.

तो पोचला. त्याने लखनच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला वळवून त्याचं तोंड लिंबाखालच्या रिकाम्या खुर्चीकडे केलं. शब्द एक नाही. मग स्वतः त्याला खेटून उभा राहिला, हात समोर धरले आणि मान खाली घातली. लखनने बाजूला बघितलं, घाबरून त्याने तसंच केलं.

धावत आलेली पोरं चार हातांवर आली आणि अडली. समोर काळ्या कपड्यातला माणूस श्रद्धांजलीला उभा होता. आबांच्या श्रद्धांजलीला. तिथे आवाज कोण करणार? हात कोण उचलणार? गर्दीतून कुणी म्हातारा दातांतून पुटपुटला, “उभी ऱ्हावा रं, लाज न्हाई का?” काठीवाल्या पोराने काठी पाठीमागे घेतली. मग त्यानेही मान खाली घातली.

कुणाच्या ढालीमागे लपता येत नाही तिथे सम्राटने शांततेचीच ढाल केली होती. 

नर्सला दोन मिनिटं किती असतात ते घड्याळाशिवाय कळतं. नाडी मोजून मोजून ते अंगात मुरतं. दोन मिनिटं झाली. सम्राट हलला नाही. तो हलला नाही म्हणून गाव हलेना. तीन झाली असतील. तिने बघितलं, काठीवाल्या पोराची मूठ आधी पांढरीफटक होती, ती सैल पडत गेली. त्याचे खांदे खाली आले. एकाने डोळे पुसले. रागाच्या खाली जे होतं ते आता वर आलं होतं, दुःख. सम्राटने डोळ्याच्या कोपऱ्यातून ते पाहिलं असावं. कारण तेव्हाच त्याने मान वर केली, शिट्टी ओठांना लावली आणि वाजवली. तिने दिवसभर ऐकलेल्या शिट्ट्यांतली ती कुठलीच नव्हती. हळू, लांब आणि मऊ.

मग तो माईककडे गेला. इंद्रजीत खुर्चीवर तोंड झाकून बसला होता. सम्राटने माईक हातात घेतला. घरात दोन शब्द न बोलणारा माणूस.

“झालेला गोल धरला जाणार न्हाई,” तो म्हणाला. निमोण्याच्या बाजूने हुंकार उठला. “पण एक ऐका. या पोरानं कुणाची थट्टा केली न्हाई. त्याला मराठी येत न्हाई. त्याला शिट्टी कळते, आन् शिट्टी वाजली नव्हती. नियमानं, भायेरच्या आवाजानं खेळ बिघडला की पंचानं तिथल्या तिथं शिट्टी मारायची असती. मी मारली न्हाई. आबांचं नाव ऐकलं, शिट्टी ओठात होती, पण मयताच्या बातमीवर ती फुंकवंना. चूक माझी हाय. त्याची न्हाई.” मग तेच त्याने हिंदीत सांगितलं. मोडकंतोडकं, पण शेवटचं वाक्य नीट. “गलती मेरी है.”

भाग्यश्री इतकी वर्षं दवाखान्यात काम करत होती. मोठमोठ्या लोकांना तिने चुका करताना पाहिलं होतं, आणि चूक झाल्यावर ते काय करतात तेही पाहिलं होतं. दरवाजा लावून घ्यायचे. हा माणूस, ज्याच्या भुवईवरचा टाक्यांचा व्रण अजून गुलाबी होता, शेकडो लोकांसमोर, आपल्याला मारायला हेच कारण पुरेल हे माहीत असून, माईकवर ‘चूक माझी’ म्हणत होता. आणि दगड येत नव्हता. कुणीतरी खाकरलं तेवढंच.

कामगार टीमचा कॅप्टन महतो, वयाने मोठा फिटर, पुढे आला. तो चिडला होता. “सर, सीटी आपने नहीं बजाई, और गोल हमारा गया. ये कहाँ का इन्साफ है?”

“बरोबर बोल रहे हो,” सम्राट म्हणाला. “इन्साफ पूरा नहीं है. मेरे पास इतना ही है.”

महतो काही बोलणार होता, पण तोवर गेलेले आबा सत्यजीतचे आजोबा होते, हे कुणीतरी लखनला समजावलं होतं. लखनचा चेहरा राखेसारखा झाला. त्याने ते मोठे बूट काढले, अनवाणी गोलकडे गेला आणि सत्यजीतसमोर हात जोडून उभा राहिला.  सत्यजीतने वर पाहिलं. त्याचे डोळे लाल होते.

“तुझे क्या मालूम,” तो म्हणाला. मग उठता उठता म्हणाला, “मारा अच्छा. मी उभा असतो तरी न्हाई अडला असता.”

महतोने मान फिरवली. पुन्हा इन्साफाचं नाव काढलं नाही.

सामना तिथेच थांबला. सत्यजीत कुणाच्या तरी गाडीवर शिरूरला निघाला. गर्दी आबांच्या घराकडे वळली. कामगार टीमची पोरं बूट हातात घेऊन, काय करावं न कळून, त्या गर्दीच्या मागोमाग चालू लागली, आणि कुणी त्यांना परत फिरवलं नाही.

सोजरबाई डोळे पुसत होत्या. “आबांनी लई पोरं सांभाळली गं,” त्या म्हणाल्या. मग मैदानाकडे बघत, “आन् त्यो काळ्या कपड्यातला. मगाशी मी त्याला काय काय बोलले. कुणाच्या पोटचा हाय कुणास ठाऊक, काळीज हाय त्याला.”

“माझे मालक हायेत ते,” भाग्यश्री म्हणाली.

सोजरबाईंनी मिश्रीचं बोट तोंडातून काढलं. “अगं बया! आन् तू मला बोलू दिलंस?”

“माझ्याबी मनात तेच होतं, मावशी.”

ती मैदानात उतरली. सम्राट गोलपोस्टपाशी वाकून गुडघा चोळत होता. जवळून तिला दिसलं, शिट्टीची दोरी आवळून त्याच्या बोटांवर वळ उठले होते. लांबून ते दिसलं नव्हतं. कुणालाच दिसलं नसणार. तिने त्याचं मनगट धरलं, नाडी बघितली, आणि सवयीने नुसतं धरूनच ठेवलं.

“भ्यायला होता?”

“लई,” तो म्हणाला.

इंद्रजीत आणि स्पर्धेचे दोनतीन लोक आले. इंद्रजीतला सम्राटकडे बघवेना. “पंच, मी शब्द दिला होता...”

“राहू द्या. आबा गेले म्हणल्यावर कुणाच्यानं राहवलं असतं?”

“दोन्ही कॅप्टनशी बोलणं झालं,” दुसरा एकजण म्हणाला. “आबांचे दिवस उरकले की फायनल पुन्हा घ्यायची. महतो म्हणाला, पंच हेच पाहिजेत, दुसरा आला तर आम्ही येत न्हाई. सत्यजीतबी जाता जाता तेच बोलून गेला. तेराव्यानंतरचा रविवार ठेवू. या तुम्ही.”

सम्राटने मोकळ्या हाताने शिट्टी खिशात टाकली. त्याने वर पाहिलं नाही. जमिनीकडे बघत म्हणाला, “विचारून सांगतो.”

“कुणाला? कंपनीत?”

सम्राटने मनगट तिच्या हातातच राहू दिलं. हळूहळू सगळ्यांची नजर त्याचं मनगट धरून उभ्या असलेल्या बाईकडे गेली.

भाग्यश्रीने त्याच्या भुवईकडे पाहिलं. भीती गेली नव्हती. ती तिथेच होती, पोटात, होती तशी. ती जाणार नव्हती, हेही तिला कळलं होतं. पण तिथे उभा राहून हा माणूस काय सांभाळतो, हेही आता तिला माहीत झालं होतं, आणि माहीत झालेलं परत विसरता येत नाही.

“त्या रविवारी यांची सेकंड शिफ्ट हाय,” ती म्हणाली. “सामना सकाळी ठेवा. आन् गोलच्या मागं एक पाण्याची टाकी आन् औषधाची पेटी लागंल. पेटी मी आणते.”